एन २७ : कारण माहीत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत एन २७ नावाचा एक कप्पा आहे. त्यावरची पाटी अशी : ‘कारण माहीत नसलेलं लहान मूत्रपिंड’. आत तीन पोटकप्पे. एन २७.० म्हणजे एकाच बाजूचं लहान. एन २७.१ म्हणजे दोन्ही बाजूंची लहान. आणि एन २७.९ म्हणजे लहान आहे, का ते ठाऊक नाही, आणि एक की दोन्ही हेही कुणी लिहिलेलं नाही. इतक्या सरकारी थाटाच्या कागदात ‘माहीत नाही’ला स्वतःचा क्रमांक मिळालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि तेव्हापासून ही यादी मला एखाद्या रहस्यकथेसारखी वाचावीशी वाटते.

माणसं या कप्प्यात येतात ती साधीच. पित्ताशयासाठी म्हणून पोटाची सोनोग्राफी होते. एक मूत्रपिंड अकरा सेंटिमीटरचं, दुसरं सात. जन्मतःच लहान? लहानपणी जंतुसंसर्ग होऊन आक्रसलेलं? रक्तवाहिनी अरुंद होऊन उपाशी राहिलेलं? पन्नाशीच्या माणसाला कुठलं आठवणार! डॉक्टर निरीक्षण लिहून मोकळे होतात. पण त्या निरीक्षणाला आकड्यांच्या जगात कुठे तरी बसवायला हवं, म्हणून एन २७.

ही यादी म्हणजे आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण, सगळे तिला आयसीडी म्हणतात. आपल्याकडे अजून वापरात आहे ती दहावी आवृत्ती, १९९० साली मंजूर झालेली. मेडिक्लेमचा फॉर्म कधी निरखून पाहिला असेल तर रुग्णालयाने भरायच्या भागात ‘आयसीडी १०’ असा रकाना दिसला असेल, तीच ही. तिच्या चौदाव्या प्रकरणाचं अक्षर ‘एन’. मूत्रमार्ग आणि जननेंद्रियं त्यात येतात. सुरुवात गाळणीपासून, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुच्छांपासून. मग नलिका, मग निकामी होणं, मग खडे, मग ‘इतर’. लघवी जिथे तयार होते तिथून निघून ती जिथून बाहेर पडते तिथवर असा हा साधारण प्रवास आहे.

या प्रवासातली सगळ्यात नाट्यमय जागा म्हणजे मूत्रवाहिनी. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरची ही नळी. लघवी तिच्यातून नुसती ओघळत नाही. नळीच्या भिंतीतले स्नायू लाटेसारखे आवळून ती खाली ढकलतात. माणूस आडवा झोपला तरी काम चालू. ही नळी तीन जागी अरुंद असते : मूत्रपिंडातून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. मुतखडा अडकतो तो बहुधा या तिन्हींपैकी एका नाक्यावर.

आता कागदावर काय घडतं ते पाहा. रात्री दोन वाजता माणूस कंबर धरून दवाखान्यात येतो. कळ पाठीतून जांघेत उतरते आहे, बसवत नाही, उभं राहवत नाही. ड्युटीवरचे डॉक्टर लिहितात ‘रीनल कॉलिक’. एवढंच लिहिलं तर कोड एन २३ : मूत्रपिंडाची कळ, कारण नमूद नाही. सकाळी सोनोग्राफी होते. खडा मूत्रपिंडातच दिसला तर एन २०.०, मूत्रवाहिनीत उतरलेला असला तर एन २०.१, दोन्हीकडे असले तर एन २०.२. दुसऱ्या दिवशी दिसतं की खड्यामागे लघवी तुंबली आहे आणि, रुग्णांच्या भाषेत, ‘किडनीला सूज’ आहे. आता खडा तोच, जागा तीच, पण कोड खड्यांचं घराणं सोडून अडथळ्यांच्या घराण्यात जातो : एन १३.२. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले. एन १३.६. आता वाट पाहण्यात अर्थ नाही; आतून स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी घालून ती लघवी काढायलाच हवी, नाही तर जंतू रक्तात पसरतात.

एकाच खड्याने तीन दिवसांत चार कोड बदलले. एन २० आणि एन १३ यांच्यातलं अंतर यादीच्या पानांवर थोडंसंच आहे; पलंगावरच्या माणसासाठी ते फार मोठं आहे. आणि हे अंतर नोंदलं जातं ते केस पेपरवरच्या ‘खड्यामुळे अडथळा’ या दोन शब्दांनी. डॉक्टरांनी एका ओळीत ‘मुतखडा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘लघवीत इन्फेक्शन’ असं सुटंसुटं लिहिलं, तर कोड लावणाऱ्याला ते जोडायचा अधिकार नसतो. कागदावर मग दोन किरकोळ तक्रारी उरतात आणि जिवावरचा प्रसंग गायब होतो.

या सगळ्या काटेकोरपणात एक भोक आहे. एन २०.१ हा कोड खडा डावीकडे की उजवीकडे ते सांगत नाही. अमेरिकेने दहावी आवृत्ती घेताना तिच्यात इतकी भर घातली की मूळच्या चौदा हजारांच्या आसपासचे कोड सत्तर हजारांवर गेले. त्यात मूत्रपिंडाचा कर्करोग डावा-उजवा सांगता येतो, मूत्रपिंडाला बसलेला मार डावा-उजवा सांगता येतो. जेट विमानाच्या इंजिनात ओढला गेलेला माणूस पुन्हा तपासणीला आला, तर त्यासाठीही कोड आहे. (म्हणजे तो वाचतो, हे गृहीत धरलेलं आहे. केवढा आशावाद!) पण मुतखडा कुठल्या बाजूचा, याला त्या सत्तर हजारांत जागा नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हीच माहिती पहिली विचारली जाते, म्हणून ती शब्दांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. अकराव्या आवृत्तीत ही उणीव काढली आहे : मूळ कोडाला ‘डावा’, ‘उजवा’, ‘दोन्ही’ अशी शेपटी जोडता येते. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या कोडांतून इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वगळली आहेत, कारण ती शून्यासारखी आणि एकासारखी दिसतात. डॉक्टरांचं अक्षर पाहिलेल्या कुणी तरी हा निर्णय घेतला असणार.

सगळी मूत्रपिंडं मात्र ‘एन’मध्ये राहत नाहीत, आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं. कर्करोग झाला की ते ‘सी’मध्ये जातं. मार लागला की ‘एस’. मधुमेहाने बिघडलं तर आधी ‘ई’चा मान, कारण मूळ दोष साखरेचा. जन्मजात घडण वेगळी असेल, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकांना जुळून नालेसारखी झाली असतील, तर ‘क्यू’. आणि एखाद्या बाईने भावाला मूत्रपिंड दिलं तर तिचा कोड झेड ५२.४. ‘झेड’ म्हणजे ज्यांना आजार नाही पण रुग्णालयात यावं लागलं अशांचं प्रकरण. भावाला पुढे झेड ९४.० मिळतो : प्रत्यारोपित मूत्रपिंड असलेला माणूस. बहिणीच्या कागदावर नंतर झेड ९०.५ येतो, म्हणजे मूत्रपिंड काढलेलं. जिला जन्मापासूनच एक मूत्रपिंड आहे तिचा कोड क्यू ६०.०. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोघी सारख्याच, एकेका मूत्रपिंडाच्या. यादी त्यांना दोन टोकांना ठेवते, कारण तिला अवयवासोबत त्याचा इतिहासही हवा असतो.

काही कोडांना एकट्याने बाहेर पडायची परवानगी नसते. एन २९ हा त्यातला. दुसऱ्याच एखाद्या आजाराने मूत्रपिंडाला किंवा मूत्रवाहिनीला केलेली इजा, असा त्याचा अर्थ. त्याच्यापुढे तारा छापलेला असतो, आणि मूळ आजाराच्या कोडापुढे कट्यारीची खूण. तारा कट्यारीशिवाय लिहायचा नाही. क्षयाने मूत्रवाहिनी आक्रसली तर आधी क्षयाचा कोड, मग तारा. याच कप्प्यात बिलहार्झियाही आहे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून माणसात येणाऱ्या कृमीचा आजार. या कृमीची अंडी मूत्राशयात आणि मूत्रवाहिनीत रुततात आणि लघवीतून रक्त जातं. हा नाईल नदीकाठचा आजार, आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. पण १९५० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हाच आजार सापडला. तिथे बाधा झालेल्यांच्या लघवीत कृमीची अंडी दिसली, आणि त्याला आसरा देणारी बारीक गोगलगायही ओळखली गेली. कोकणातलं एक गाव त्या तारांकित कोडाशी असं जोडलेलं आहे.

असे कप्पे करून मृत्यूंची खानेसुमारी करायची कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये सोळाव्या शतकापासून दर आठवड्याला मेलेल्यांची यादी निघे. कारण ठरवणाऱ्या असत परगण्यातल्या म्हाताऱ्या बायका. त्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि जे वाटेल ते सांगत. जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या किरकोळ वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याने त्या याद्या जमवून १६६२ साली पुस्तक काढलं. त्यात १६३२ सालच्या लंडनच्या आकड्यांमध्ये पोटशूळ, खडा आणि लघवी अडणं यांचे मिळून ५६ मृत्यू आहेत, खडा कापून काढताना दगावलेले ५, आणि ग्रहाचा फटका बसून गेलेले १३. खडा आणि ग्रह एकाच यादीत! शास्त्रीय मांडणी बरीच नंतर आली. १८५३ साली ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत आशील गियार यांनी सगळ्या देशांना चालेल अशा एका यादीचा ठराव मांडला, आणि चाळीस वर्षांनी, १८९३ मध्ये, ती यादी शिकागोत मांडली त्यांच्या नातवाने, झाक बर्तिलाँ यांनी. आजची आयसीडी तिचीच वंशज. झाक यांचा भाऊ आल्फाँस हा पॅरिसच्या पोलिसांत होता. गुन्हेगारांच्या कानांची, बोटांची, डोक्याची मापं घेऊन त्यांची वर्गवारी लावण्याची पद्धत त्याने काढली. एका भावाने मृत्यू कप्प्यांत घातले, दुसऱ्याने चोर. असलं घराणं कादंबरीत आलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

आता एन २८. प्रत्येक घरात एक खण असतो ज्यात जुनी किल्ली, संपलेला सेल, कशाचा तरी स्क्रू पडलेला असतो; एन २८ हा मूत्रपिंडांचा तसा खण आहे. ‘अन्यत्र वर्गीकरण न झालेले मूत्रपिंडाचे व मूत्रवाहिनीचे इतर विकार.’ मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटणं यात, वयाबरोबर येणाऱ्या पाण्याच्या गाठी यात, आणि सरकणारं मूत्रपिंडही यात. शेवटच्याची गोष्ट सांगायलाच हवी. काही माणसांचं, विशेषतः सडपातळ बायकांचं, मूत्रपिंड उभं राहिल्यावर पाच सेंटिमीटरहून अधिक खाली उतरतं. क्रॅकोच्या योझेफ डीटल यांनी १८६४ मध्ये यातून उठणाऱ्या तीव्र कळांचं वर्णन केलं. १८८१ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन हान यांनी असं मूत्रपिंड टाक्यांनी पाठीला बांधून टाकलं. मग लाटच आली. बायकांची कंबरदुखी, थकवा, अस्वस्थता, सगळ्याचं खापर सरकत्या मूत्रपिंडावर फोडून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पुढे लक्षात आलं की बहुतेकींचं मूत्रपिंड सरकतं, पण दुखतं ते दुसरंच काही तरी. शस्त्रक्रिया बदनाम झाली आणि आता क्वचितच होते. एके काळी शस्त्रक्रियागृहं भरवणारं निदान ‘इतर’च्या खणात जाऊन पडलं.

त्या खणात आणखी एक गोष्ट रोज येऊन पडते, आणि ती पाहणाऱ्यांत मराठी डोळे पुष्कळ आहेत. पुण्यात, नवी मुंबईत बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी झालेली मुलं-मुली अमेरिकी रुग्णालयांचे चार्ट वाचून कोड लावतात. त्यांचा नियम कडक : लिहिलंय तेच धरायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. डॉक्टरने ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ लिहिलं पण टप्पा लिहिला नाही, आणि शेजारी गाळण्याच्या वेगाचा आकडा ३८ ठळक छापलेला आहे. तिसऱ्या टप्प्याचा उत्तरार्ध हे कोडरला लख्ख दिसतं. त्याला २०२० पासून वेगळा कोडही आहे. तरी तो लावता येत नाही. डॉक्टरला क्वेरी टाकायची आणि थांबायचं. डॉक्टरने ‘युरोसेप्सिस’ लिहिलं तरी क्वेरीच, कारण त्या शब्दाला अमेरिकी यादीत कोडच नाही : लघवीतले जंतू म्हणायचंय की रक्तात पसरलेले, ते सांगा. आणि ‘रीनल इन्सफिशियन्सी’ असं मोघम लिहिलं, म्हणजे मूत्रपिंड जरा कमी पडतंय, तर अनुक्रमणिका कोडरला नेते एन २८.९ मध्ये, खणाच्या तळाशी. डॉक्टरने सौम्यपणे, कदाचित रुग्णाला धक्का नको म्हणून वापरलेला शब्द. कागदावर मात्र त्याचं वजन जवळजवळ शून्य.

एका ठिकाणी हाच नियम उलटा चालतो. रक्तदाब आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकार दोन्ही नोंदलेले असले, तर एकाने दुसरा झाला हे अमेरिकी यादी आपणहून धरते. संबंध नसेल तर डॉक्टरनेच तसं लिहायचं. कार्यकारणभाव व्याकरणाने ठरतो आहे. मला हे थोडं धाडसाचं वाटतं.

पण कप्पे नुसते साठवण्यापुरते नसतात, ते वाटही पाहतात. एन १५.० घ्या : ‘बाल्कन नेफ्रोपथी’. या प्रकरणात देशाचं किंवा प्रदेशाचं नाव मिरवणारे विकार शोधावे लागतील. १९५० च्या दशकात बल्गेरिया आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत लोकांची मूत्रपिंडं हळूहळू आक्रसून मरतात, आणि त्यांतल्या अनेकांना मूत्रवाहिनीचा कर्करोग होतो, जो एरवी दुर्मीळ. एक घर बाधित, शेजारचं नाही. एक गाव बाधित, पलीकडचं नाही. आनुवंशिक म्हणावं, तर लग्न होऊन बाहेरून आलेल्या सुनाही पंधरा-वीस वर्षांनी आजारी पडत. कुणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कुणी जमिनीतल्या कोळशाला, कुणी धान्यावरच्या बुरशीला. १९६९ मध्ये सर्बियातल्या इविच यांनी गव्हाच्या शेतात माजणाऱ्या ॲरिस्टोलोकिया या तणाकडे बोट दाखवलं. त्याच्या बिया गव्हात मिसळून दळल्या जातात असं त्यांचं म्हणणं. ते मागे पडलं.

यादी करणाऱ्यांनी मात्र कारणासाठी अडून न राहता कप्पा उघडला आणि गावाकडचं नाव लावून टाकलं. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पार ब्रुसेल्समध्ये, वजन कमी करण्याच्या एका उपचारानंतर तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊ लागली. गोळ्यांतल्या चिनी वनस्पतींत चुकून ॲरिस्टोलोकियाची एक जात आली होती. तपासलेल्या मूत्रपिंडांचं चित्र बाल्कनमधल्यासारखं. पुढे त्यांच्यातल्या कित्येकींच्या मूत्रवाहिनीत कर्करोग सापडला. आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रोलमन आणि सहकाऱ्यांनी क्रोएशियातल्या रुग्णांच्या ऊतींमध्ये, थेट जनुकांना चिकटलेला, त्या वनस्पतीच्या आम्लाचा माग दाखवला. विष पावातून येत होतं. याच कुळातली ईश्वरी नावाची वेल सह्याद्रीतही आहे; तिच्यावर सदर्न बर्डविंग हे आपलं भलंमोठं फुलपाखरू अंडी घालतं, अळ्या तेच विष खाऊन पक्ष्यांना बेचव होतात. अळीला जमतं ते मूत्रपिंडाला जमत नाही. गावठी औषध म्हणून ती पोटात घेण्याआधी बाल्कनची गोष्ट आठवावी.

असा कप्पा न मिळालेला एक आजार आज आहे. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या राजधानीतल्या रोसालेस रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदलं की त्यांच्याकडे शेवटच्या टप्प्यात येणाऱ्या नव्या मूत्रपिंडरुग्णांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोकांना ना मधुमेह होता ना रक्तदाब ना दुसरं कुठलं ओळखीचं कारण. बहुतेक पुरुष, बहुतेक शेतमजूर, किनाऱ्याकडच्या सखल मुलखातले. मग निकाराग्वातले ऊसतोड कामगार, श्रीलंकेत अनुराधापुराच्या आसपासचे भातशेतकरी, आंध्रातला उद्दानमचा पट्टा. कडक उन्हात पाण्याविना राबणं, कीटकनाशकं, पाण्यातली द्रव्यं, अजून वाद चालू आहे. दहाव्या आवृत्तीत या सगळ्यांच्या वाट्याला येतो एन १८ : दीर्घकालीन मूत्रपिंडविकार. अनेकदा टप्प्याविना, एन १८.९. किंवा मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘किडनी फेल्युअर’ लिहिलं तर एन १९, ज्याची गणना जागतिक आकडेवारी करणारे निरुपयोगी कोडांत करतात. २०१३ मध्ये मध्य अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी ही साथ आहे असं जाहीर केलं, आणि अभ्यासक जुन्या मृत्युनोंदी चाळू लागले. शोधायचं काय? साठीच्या आतला माणूस, कारण एन १८, आणि सोबत मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा कोड नाही.

अडचण अशी की कोड असतो तो असलेल्या गोष्टीचा. ‘मधुमेह नाही’ याला कोड नसतो. एन १८ एकटाच दिसला तर त्या मजुराला मधुमेह खरंच नव्हता, किंवा तपासलाच नव्हता, किंवा तपासून लिहायचा राहिला, हे तिन्ही कागदावर सारखेच दिसतात. भारतात तर २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेलं होतं. म्हणून उद्दानमसारख्या ठिकाणी संशोधक यादीवर विसंबत नाहीत. ते गावात घरोघर जाऊन रक्त आणि लघवी तपासतात, आणि काय नाही तेही लिहून ठेवतात.